बालवयातील मंत्रचळ : उपचारांची सुरुवात आणि कुटुंबाचा आधार

मंत्रचळ हा एक मानसिक आजार असून त्यात नको असलेले विचार वारंवार मनात घुसतात आणि त्यांतून निर्माण होणारी अस्वस्थता शमवण्यासाठी व्यक्ती त्याच त्या कृती पुनःपुन्हा करीत राहते. ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अथवा संक्षेपाने ‘ओसीडी’ या नावाने हा आजार जगभर ओळखला जातो. तो मोठ्या माणसांनाच होतो असा समज असला, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्येही तो आढळतो. मुले व किशोरवयीन यांच्यातील त्याचे प्रमाण साधारणतः एक ते तीन टक्के मानले जाते. लहान मुलाच्या बाबतीत उपचार एकट्या मुलावर होत नाहीत. आईवडील, आजी-आजोबा आणि भावंडे नकळत आजाराच्या व्यवहारात ओढली गेलेली असतात. त्यामुळे उपचारांतही त्यांना सहभागी व्हावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः ५ ते ८ वर्षे वयाच्या मुलांचे उपचार सुरू होतानाच्या काळाचा विचार केला आहे.

शब्दयोजना

‘मंत्रचळ’ हा मराठीतील जुना शब्द आहे. मंत्राच्या साधनेत चूक झाल्यास माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, अशी समजूत या शब्दामागे आहे. आजचे मराठी डॉक्टर आणि लेखक तो या आजारासाठी वापरतात. मात्र बोलण्यात ‘मंत्रचळेपणा’ हा शब्द स्वच्छतेचा किंवा टापटिपीचा अतिरेक करणाऱ्या माणसाला थट्टेने लावला जातो, आणि मुलाच्या कानावर तो बहुधा थट्टेच्याच सुरात आलेला असतो. घरात मुलासमोर बोलताना हा शब्द टाळलेला बरा. मनात घुसणाऱ्या विचारांना ‘अनिवार्य विचार’ आणि करावीच लागणाऱ्या कृतींना ‘अनिवार्य कृती’ असे म्हणतात.

लक्षणे आणि नेहमीच्या सवयी

ठरावीक गोष्टी ठरावीक पद्धतीने व्हाव्यात असा हट्ट दोन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांत दिसतो. रोज तीच गोष्ट, तीच वाटी, झोपताना पांघरुणाची तीच घडी हे वाढीचे सामान्य टप्पे असून मूल त्यांत रमते. मंत्रचळात मूल रमत नाही. ते त्रासलेले असते. कृती थांबवावी असे त्याला वाटते, पण थांबवता येत नाही. निदान करताना या विचारांत व कृतींत दिवसातील एक तासाहून अधिक वेळ जातो का, किंवा त्यामुळे मुलाला लक्षणीय त्रास होतो का, अभ्यास, झोप, खेळ, जेवण यांत अडथळा येतो का, हे पाहिले जाते.

मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण पाहता येईल. पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावावे, असे मुलांना शिकवले जाते. बहुतेक मुले एकदा नमस्कार करून पुढे जातात. आजारी मुलाला मात्र नमस्कार ‘नीट’ झाला नाही असे वाटते. ते पुन्हा करते, मध्येच एखादा वाईट विचार आला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करते, आणि शेवटी पुस्तकाजवळून जाण्याचेच टाळू लागते. देवघरासमोरचा नमस्कार, शिवाशिवीचे नियम, उष्ट्या-खरकट्याची काळजी या सर्वांच्या बाबतीत असे घडू शकते. परंपरा हा आजार उत्पन्न करीत नाही. आजार जवळ सापडेल ते साहित्य उचलतो. ज्या घरात सोवळे-ओवळे मुळीच पाळले जात नाही, तेथील मुलाचा आजार जंतूंची, विषाची किंवा दाराच्या कुलपाची भाषा बोलतो.

लहान मुलांना पुष्कळदा आपल्या मनातील विचार शब्दांत सांगता येत नाही. ‘असंच करावं लागतं’, ‘बरोबर वाटत नाही’ एवढेच ते सांगतात. काहींच्या बाबतीत विशिष्ट भीती नसतेच. वस्तू सरळ लागेपर्यंत किंवा पाऊल ‘बरोबर’ पडेपर्यंत चैन पडत नाही. काही मुलांना आईला आपल्या हातून इजा होईल, आपण काही घाणेरडे बोलून जाऊ, असे विचार छळतात. सहा-सात वर्षांचे मूल रडत ‘मी तुला सुरी मारीन का?’ असे विचारते, तेव्हा आईवडील हादरून जातात. हा विचार म्हणजे इच्छा नव्हे, हे तज्ज्ञ त्यांना प्रथम समजावून सांगतात. तो विचार मुलाला सर्वांत भयंकर वाटतो म्हणूनच तो चिकटून बसतो.

घशाच्या संसर्गानंतर किंवा इतर आजारपणानंतर एक-दोन दिवसांत अचानक तीव्र लक्षणे उद्भवली, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवणे आवश्यक असते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर अशी लक्षणे दिसलेल्या ५० मुलांचे वर्णन सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. बहुसंख्य मुलांत आजार हळूहळू वाढतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. मेंदूचा पुढचा भाग आणि आतील केंद्रके यांना जोडणाऱ्या मंडलांचे कार्य बदललेले आढळते. आईवडिलांच्या वळण लावण्यातील चुकीमुळे हा आजार होतो, या म्हणण्याला आधार नाही.

कुटुंबाचे जुळवून घेणे

अनिवार्य कृती केल्यावर मुलाला क्षणभर हायसे वाटते, आणि हेच हायसे वाटणे आजाराला टिकवून ठेवते. हात धुतले म्हणून आपण वाचलो असा धडा मेंदू घेतो. न धुताही काही झाले नसते हे कळण्याची संधी त्याला मिळतच नाही. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि धुणे वाढते.

लहान मूल हे चक्र एकट्याने चालवू शकत नाही. नळ उघडून देणे, कपडे दुसऱ्यांदा धुणे, ‘दार लावलं आहे’ असे दहा वेळा सांगणे, झोपताना ठरलेले वाक्य ठरलेल्या स्वरात म्हणणे, ‘दूषित’ पिशवी घरात न आणणे ही कामे मोठी माणसे करतात. याला तज्ज्ञ ‘कुटुंबाचे जुळवून घेणे’ म्हणतात. आजारी मुलांच्या बहुतेक सर्व कुटुंबांत ते आढळते, आणि त्याचे प्रमाण जितके अधिक तितकी लक्षणे अधिक तीव्र व उपचारांचा परिणाम कमी, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

यात कोणाचाही दोष नसतो. मूल तळमळत असताना त्याला सोडवणे हा पालकपणाचा पहिला धर्म आहे. तापात किंवा पडल्या-लागल्यात जी माया उपयोगी पडते, तीच येथे आजाराच्या बाजूने काम करते. पालकांना सर्वांत अवघड जाते ते हेच. याउलट रागावणे, मारणे, हात बांधून ठेवणे किंवा नळ बंद करून मुलाला कोंडणे या उपायांनी भीती वाढते आणि मूल आपल्या कृती लपवू लागते. एकत्र कुटुंबात या दोन्ही टोकांची माणसे एकाच वेळी असू शकतात. वडील ओरडतात; आजी ‘एवढंसं तर आहे, धुऊ दे की त्याला’ म्हणत बाजू घेते; मूल दोघांच्या मध्ये सापडते.

पहिल्या भेटीपूर्वी

मुलाला कोठे आणि कशासाठी नेत आहोत, हे आदल्या एक-दोन दिवसांत साध्या शब्दांत सांगणे योग्य ठरते. ‘तुला सारखे हात धुवावेसे वाटतात आणि त्याचा तुलाच त्रास होतो. असं पुष्कळ मुलांना होतं. ते कमी कसं करायचं हे शिकवणाऱ्या एका ताईंकडे आपण जाणार आहोत. तिथे इंजेक्शन नसतं,’ एवढे पुरते. बागेत जायचे असे सांगून दवाखान्यात नेल्यास मुलाचा विश्वास जातो, आणि पुढील सर्व काम विश्वासावरच चालायचे असते. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन’ ही धमकी घरात पूर्वी दिली गेली असेल, तर ती मागे घेणेही आवश्यक असते.

आईवडिलांनी आठवडाभर एका वहीत साधी नोंद ठेवल्यास तज्ज्ञांचे काम सुकर होते. कोणती कृती, केव्हा, किती वेळ, त्या वेळी घरातील कोणी काय केले, एवढी माहिती त्यात असावी. शेवटचा रकाना बहुधा सर्वांत उपयुक्त ठरतो. पहिल्या भेटीत सविस्तर माहिती घेऊन ‘येल-ब्राउन मापनश्रेणी’च्या मुलांसाठी केलेल्या आवृत्तीने आजाराची तीव्रता मोजली जाते. तिच्यात विचार व कृती यांविषयी मिळून दहा मुद्दे असून एकूण गुण ० ते ४० असतात. पुढे सुधारणा होते आहे की नाही हेही याच श्रेणीने ताडून पाहता येते.

उपचारपद्धती

सौम्य व मध्यम स्वरूपाच्या आजारात बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपचार मानला जातो. त्याचा गाभा म्हणजे भीतीला थोडे थोडे सामोरे जाणे आणि त्या वेळी अनिवार्य कृती न करणे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये दोन प्रौढ रुग्णांवर या पद्धतीने केलेल्या उपचारांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथून ती रूढ झाली. इंग्रजीत ती ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ या नावाने ओळखली जाते. मुलांसाठी तिला खेळाचे व गोष्टीचे रूप देण्यात अमेरिकेतील जॉन मार्च यांचा मोठा वाटा आहे.

सुरुवातीला आजाराला मुलापासून वेगळे केले जाते. मूल त्याला स्वतःच एक नाव देते. कोणी ‘बडबड्या’ म्हणते, कोणी ‘खोटा अलार्म’, कोणी त्याचे चित्र काढते. ‘तू पुन्हा सुरू केलंस’ याऐवजी ‘बडबड्या पुन्हा आला वाटतं’ असे म्हणता येऊ लागले, की आईवडील आणि मूल एका बाजूला येतात व आजार दुसऱ्या बाजूला जातो. हा केवळ शब्दांचा फेरफार नाही. रोजच्या भांडणाचे स्वरूप त्याने बदलते. त्यानंतर ‘भीतीचा तापमापक’ तयार होतो. कोणत्या गोष्टीची किती भीती वाटते, याला मूल ० ते १० मध्ये गुण देते. आकडे न कळणाऱ्या मुलासाठी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे वापरतात. या गुणांवरून शिडी बनते.

समजा, सात वर्षांच्या एका मुलाला बाहेरच्या वस्तूंना हात लागला की तो धुवावाच लागतो. त्याच्या शिडीची पहिली पायरी घराच्या दाराची कडी ही असू शकेल, मग जिन्याचा कठडा, बाजारातून आलेली पिशवी, एसटीतील दांडा आणि शेवटी शाळेतील स्वच्छतागृहाचे दार. पहिल्या दिवशी मूल एका बोटाने कडीला स्पर्श करते आणि हात न धुता थांबते. तज्ज्ञ अधूनमधून तापमापक विचारतात. अस्वस्थता आधी वाढते, काही वेळ तेथेच राहते आणि बहुधा काहीही न करता उतरू लागते. एखाद्या दिवशी ती फारशी उतरत नाही, तरीही अस्वस्थ असताना आपण थांबू शकलो हे मुलाला कळते. पुढची पायरी कधी घ्यायची हे मुलाला विचारून ठरते. जबरदस्तीने हात घाणीत घालणे म्हणजे हा उपचार नव्हे. जेवणापूर्वी व शौचानंतर हात धुणे चालूच राहते, फक्त ते सर्वांप्रमाणे एकदा.

आठवड्यातून एकदा होणाऱ्या बैठकीपेक्षा घरी रोज होणारा सराव महत्त्वाचा असतो. पहिल्या काही आठवड्यांत मुलाची चिडचिड आणि रडणे वाढू शकते. उपचार चुकत असल्याचे हे चिन्ह नाही, पण पालकांना आधी कल्पना नसेल तर ते येथेच उपचार सोडतात. लहान बक्षिसे, जसे आवडती गोष्ट, चांदण्यांचा तक्ता, रविवारची फेरी, ही भीती गेल्याबद्दल नव्हे तर प्रयत्न केल्याबद्दल दिली जातात.

पाच ते आठ वर्षांच्या १२७ मुलांवरील एका अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला कुटुंबासह वर्तनोपचार आणि दुसऱ्याला कुटुंबासह शिथिलीकरणाचे शिक्षण देण्यात आले. चौदा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ७२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४१ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. केवळ दीर्घ श्वास, ध्यान किंवा समजुतीच्या गोष्टी यांवर भर देणाऱ्या समुपदेशनाची मर्यादा यावरून लक्षात येते. उपचार निवडताना भीतीला सामोरे जाण्याचा सराव त्यात आहे का, घरी करायचे काम दिले जाते का आणि पालकांना बैठकीत सामील केले जाते का, हे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

खात्री मागणे आणि देणे

पाणी किंवा साबण न लागणारी एक अनिवार्य कृती घरात सर्वाधिक घडते. ती म्हणजे प्रश्न विचारणे. ‘आई, मी आजारी पडणार नाही ना?’, ‘मी खोटं बोललो का?’, ‘देव रागावला असेल का?’ पहिल्या वेळी दिलेले उत्तर ही माहिती असते. विसाव्या वेळी दिलेले तेच उत्तर हात धुण्याचेच काम करते. उत्तर देणे एकदम बंद केल्यास मात्र मुलाला आपल्याला टाकून दिल्यासारखे वाटते. म्हणून हा बदल मुलाला आधी सांगून आणि टप्प्याटप्प्याने करतात. आजपासून या प्रश्नाचे उत्तर दिवसातून पाच वेळा, पुढच्या आठवड्यात तीन वेळा, असे ठरते. कधी तितकी कार्डे मुलाच्या हाती दिली जातात आणि ती केव्हा वापरायची ते मूल ठरवते.

कार्डे संपल्यावर काय म्हणायचे, हाही प्रश्न उरतोच. येल विद्यापीठातील इलाय लेबोविट्झ यांनी विकसित केलेल्या पालक-प्रशिक्षणात अशा प्रसंगासाठी दोन भागांचे वाक्य सुचवले जाते. त्यात मुलाचा त्रास मान्य करायचा आणि तो सोसण्याची ताकद त्याच्यात आहे हा विश्वास दाखवायचा. ‘तुला आत्ता खूप भीती वाटते आहे, मला दिसतंय. आणि तू हे निभावून नेशील, हेही मला माहीत आहे.’ ‘काही होत नाही’ हे वाक्य भीती नाकारते. ‘बिचारं माझं बाळ’ हे वाक्य ताकद नाकारते. या पद्धतीत काम पालकांबरोबरच होत असल्याने मूल बैठकीला यायला तयार नसले तरी सुरुवात करता येते.

घरातील सर्वांनी एकच धोरण पाळणे आवश्यक असते. आईने उत्तर दिले नाही तर मूल आजीकडे जाते, आणि आजीला कोणी काही सांगितलेलेच नसते. आजी-आजोबांना एखाद्या बैठकीला बरोबर नेल्यास तज्ज्ञांचे म्हणणे त्यांना थेट ऐकता येते. सुनेने सांगण्यापेक्षा ते पुष्कळदा लवकर पटते. भावंडांनाही वयानुसार कल्पना द्यावी लागते. चिडवू नये हे सांगायचे असतेच, शिवाय आईचा वेळ सध्या एकाकडेच का जातो याचे उत्तर त्यांनाही हवे असते.

शाळा

अनेक मुले शाळेत सारी शक्ती लावून लक्षणे दाबून ठेवतात आणि घरी आल्यावर कोसळतात. ‘आमच्याकडे तर तो अगदी शहाण्यासारखा असतो’ हे शिक्षकांचे म्हणणे आणि घरातील परिस्थिती दोन्ही खरी असू शकतात. इतर काही मुलांचा आजार वहीत दिसतो. अक्षर मनासारखे येईना म्हणून खोडून खोडून कागदाला भोक पडते, एकाच ओळीत तास संपतो, फळ्यावरचे उतरवून होत नाही. अशा मुलाला आळशी ठरवले जाते. किंवा त्याच्या सुबक अक्षराचे वर्गात कौतुक होते आणि आजाराला खतपाणी मिळते. सुंदर हस्ताक्षराला आपल्या शाळांत जे महत्त्व आहे, त्यामुळे दुसरी चूक अधिक सहज घडते.

वर्गशिक्षकांना विश्वासात घेऊन काही गोष्टी ठरवता येतात. पान पुन्हा लिहायला न लावणे, सुरुवातीला लेखन कमी देणे, खोडरबर ठरावीक वेळाच वापरणे, स्वच्छतागृहात फार वेळ लागल्यास सर्वांसमोर न विचारणे या त्यांपैकी काही होत. सवलती उपचारांच्या पायऱ्यांप्रमाणे हळूहळू कमी केल्या जातात. निदानाची माहिती गरजेपुरत्या शिक्षकांनाच द्यावी. ती स्टाफरूममधील चर्चेचा विषय होऊ नये.

औषधे

आजार तीव्र असेल किंवा वर्तनोपचार पुरेसे पडत नसतील, तर मनोविकारतज्ज्ञ सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे देतात. सात ते सतरा वर्षांच्या ११२ मुलांवरील २००४ सालच्या अमेरिकन अभ्यासात वर्तनोपचार व सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या गटातील ५३.६ टक्के मुलांची लक्षणे जवळजवळ गेली. केवळ वर्तनोपचारांनी हे प्रमाण ३९.३ टक्के, केवळ औषधाने २१.४ टक्के आणि औषधविरहित गोळीने ३.६ टक्के होते. परिणाम दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात बेचैनी, झोपमोड किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार दिसल्यास डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. औषध मनाने बंद करू नये.

पुढील वाटचाल आणि भारतातील सोयी

उपचार संपल्यानंतरही आजारपण, परीक्षा, घर बदलणे अशा ताणाच्या काळात लक्षणे डोके वर काढू शकतात. म्हणून शेवटच्या बैठकांत अशा वेळी शिडीची कोणती पायरी पुन्हा चढायची, हे लिहून ठेवले जाते. मुलाने उपचारांत केलेली चित्रे व तक्ते जपून ठेवल्यास त्या वेळी ती उपयोगी पडतात.

बंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत या आजारासाठी स्वतंत्र विभाग चालतो. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तथापि बहुतेक मुलांना दाखल करण्याची गरज पडत नाही, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात त्यांची तपासणी होऊ शकते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे. लहान गावांत भीतीला सामोरे जाण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ मिळणे अवघड असते. अशा वेळी निदान प्रत्यक्ष भेटीत आणि नंतरच्या बैठका व्हिडिओ कॉलवर, अशी व्यवस्था करता येते. दाराची कडी, देवघर आणि नळ ही सरावाची ठिकाणे घरातच असल्याने तज्ज्ञांना ती अशा बैठकीत प्रत्यक्ष दिसतात.